दोन अर्ध्यांचा कोयता

बोरखडीत आसाराम सरांना आसाराम सर म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. फरक सरांचं घर विचारलं की पाथर्डीच्या स्टँडवरचा रिक्षावालाही बरोबर दारात आणून सोडायचा. एकतीस वर्षं सरांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्यात पोरांना धडे किती समजले ते देवाला ठाऊक, पण फरक मात्र पोरांच्या अंगात भिनले. कानावर पडतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन. झाडाखाली बसतो ती शेड, आपल्या मागं मागं चालते ती शॅडो. माणूस टॉल असतो, डोंगर हाय असतो. वर्गात कोणी चुकलं तर सर मारत नसत. नुसते खडू खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसत, आणि पोरांना ते छडीपेक्षा जास्त लागायचं.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. बन्सी भाऊंनी पोराच्या लग्नाची पत्रिका हौसेनं इंग्रजीत छापली, तर हा गृहस्थ मांडवात, जेवणाच्या पंगतीत, वाढप्याला थांबवून सांगत बसला की इथं मॅरेज नको होतं, वेडिंग पाहिजे होतं. वेडिंग म्हणजे आजचा दिवस, मॅरेज म्हणजे इथून पुढचा सगळा जन्म. गोजरबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, शेजारच्या पंगतीतून म्हणाल्या, "आमचं येडिंग एका दिवसात उरकलं, मॅरेज मी एकटीच वढतेय." पंगत हसली, बन्सी भाऊ हसले. सर तेवढे हसले नाहीत, कारण मुद्दा बरोबर होता आणि कोणी तो लिहून घेत नव्हतं.

माणूस वाईट नव्हता. पण आपल्याला सगळं कळतं असं ज्याला वाटतं, त्याच्या हातून चूक झाली की ती लहान होत नाही.

झालं असं. नगरच्या एका संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. सगळ्या मुलींसाठी नव्हे, ज्यांना फक्त आई आहे अशांसाठी. आई सहा महिने कारखान्याच्या फडावर गेली की पोरगीही मागं जाते, शाळा बुडते, आणि दोन-तीन हंगामांत ती पोरगी शाळेची राहत नाही. पैसा परदेशातून येणार होता, म्हणून गावोगावच्या याद्या इंग्रजीत पाहिजे होत्या. संस्थेच्या दिपाली मॅडम नगरहून दोनदा आल्या, घरोघर फिरून मराठीत यादी केली आणि भाषांतराला ती फरक सरांकडं दिली. दुसरं कोण होतं गावात?

यादी माणसांची नव्हती, कोयत्यांची होती. तोडीच्या कामात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. दोन माणसं मिळून एक कोयता होतो. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायच्या. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आणि कोयता म्हटलं की बहुतेक वेळा नवरा आणि बायको. बोरखडीतून त्या वर्षी त्रेचाळीस कोयते निघणार होते.

सरांनी या एका शब्दावर दोन दिवस घालवले. कोयत्याला इंग्रजीत काय म्हणायचं? पेअर की कपल? पेअर त्यांना पसंत पडेना. पेअर बुटांची, मोज्यांची, बैलांची. माणसांना पेअर म्हणणं म्हणजे त्यांना दावणीला बांधणं. हे लोक आधीच जनावरासारखे राबतात, निदान कागदावर तरी त्यांना माणूस म्हणावं. त्यांनी त्रेचाळीस ठिकाणी कपल लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि खाली भाषांतरकार म्हणून सही ठोकली. गोजरबाईंना त्यांनी हा फरक समजावूनही सांगितला. त्या तेव्हा डाळ निवडत होत्या.

दसरा झाला. मुकादम गोरक्षनाथानं ट्रक सांगून ठेवले. आणि एका सकाळी सविता हातात कागद घेऊन सरांच्या ओट्यासमोर उभी राहिली.

सविता पस्तिशीतली. नवरा श्रीमंत चार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. सासू भीमाबाई, तिला दिसत नाही. हंगामात ती शेवगावला लेकीकडं जाते आणि घराला कुलूप लागतं. मागं एक मुलगी, राजनंदिनी, आठवीत. ती तीन हंगाम आईमागं फडावर गेली होती. दरवर्षी चैत्रात परत यायची तेव्हा वर्ग पुढं गेलेला असायचा, आणि ही घरी बसून एकटीच त्याला गाठायचा प्रयत्न करायची. दोनदा तिनं गाठलंही. तिसऱ्यांदा हेडमास्तरांनी उपकार म्हणून वरच्या वर्गात ढकलली.

"सर, वाचा," सविता म्हणाली. "संस्थेचं हाय. राजीला घेत न्हाईत."

सरांनी चष्मा लावला. पत्र मराठीत होतं, सभ्य होतं. यादीनुसार आपण पतीसह कामास जात असल्याने आपल्या मुलीचा प्रवेश नियमात बसत नाही, कळावे.

"पतीसह?" सर म्हणाले.

"त्येच मी इचारायला आले. माझा पती कुठून आला? यादी तुमी लिवली म्हणं."

"तुझ्या कोयत्यात दुसरं नाव अजिनाथचं आहे."

"आता हायच. पर अजिनाथ माझा चुलत दीर. त्याची बायको बाळंतपणात गेली, माझा नवरा गेला. दोघं अर्धं कोयतं. अर्ध्या कोयत्याला मुकादम इचारीत न्हाई, म्हणून गोरखभाऊंनीच दोन अर्धं जोडून एक केला. साऱ्या गावाला म्हाईत हाय, सर."

सरांच्या घरातून तीन पिढ्यांत कोणी तोडीला गेलं नव्हतं. विहिरीला पाणी होतं, वडिलांची नोकरी होती. अर्धा कोयता हा शब्द त्यांनी ऐकला असेल हजार वेळा, पण तो नुसता हिअर केला होता. ते म्हणाले, "दिपाली मॅडमनी मला तसं सांगायला पाहिजे होतं."

आतून गोजरबाईंचा आवाज आला. "मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं की. मी काय, डाळच निवडीत होते."

सविता तिथंच उभी होती. ती चिडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आठ-धा दिवसांनी गाडी भरायची हाय. राजी आत्ताच पुस्तकं पेटीत घालून बसलीय, हॉस्टेलात न्यायला. तिला मी अजून सांगितलं न्हाई."

सरांना लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवलेल्या माणसाला आपल्या चुकीला कुठल्या शाईनं हात लावावा ते कळेना. त्यांनी धोतर बदललं, पिशवी घेतली आणि सविताला म्हणाले, "चल, नगरला जाऊ. अकराची एस.टी. मिळेल."

संस्थेचं ऑफिस सावेडीत, एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर होतं. दिपाली मॅडम तिशीतल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, मी कोयता म्हणूनच लिहिलं होतं. इंग्रजी तुमच्यावर सोडलं, कारण तुमचं नाव ऐकून होते."

सरांनी संस्थेचं पत्र टेबलावर पुढं सरकवलं.

"दुरुस्ती होईल," मॅडम म्हणाल्या. "यादी वर गेली असली तरी शुक्रवारपर्यंत मी बदल पाठवू शकते. पण तोंडी चालणार नाही. तुम्ही लिहून द्या की भाषांतरात चूक झाली. हे दोघं कामापुरते जोडीदार आहेत, त्यांच्यात नवरा-बायकोचं नातं नाही, एकत्र संसार नाही. खाली दोघांच्या सह्या. आणि जमलं तर बाकीचे कोयतेही तपासा. एक चुकला असेल तर आणखी चुकले असतील."

"तपासतो."

"आणि हे दरवर्षी नव्यानं लागेल. तिची दहावी होईपर्यंत. शिवाय हिवाळ्यात आमची माणसं फडावर येऊन बघतात. कागदात एक आणि तिथं दुसरं निघालं, तर ह्या मुलीचीच नाही, अख्ख्या बोरखडीची जागा जाईल. हे मी धमकी म्हणून सांगत नाही."

सविता म्हणाली, "न्हाई निघणार." तिनं ते लगेच म्हटलं, आणि मग येताना सबंध वाट ती खिडकीबाहेर बघत बसली. सरांना वाटलं, बाई दमली असेल.

पुढचे दोन दिवस सरांनी गाव पायाखाली घातलं. इतकी वर्षं या गावात राहून ज्या वस्त्यांवर ते कधी गेले नव्हते, तिथं वही घेऊन उभे राहिले. त्रेचाळीस कोयत्यांपैकी नऊ नवरा-बायकोचे नव्हते. एक आई आणि लेक. दोन जावा. एक सासरा आणि सून, कारण मुलगा पुण्याला गेला तो गेलाच. दोन भाऊ. एका ठिकाणी तर म्हातारी मावशी आणि भाची. मावशी मोळी उचलू शकत नव्हती, म्हणून भाची तोडायची पण आणि न्यायची पण. त्यांनी आई-लेकाला कपल लिहिलं होतं. सासऱ्या-सुनेला कपल लिहिलं होतं. परदेशात कुठल्या तरी टेबलावर कोणीतरी ते वाचलं असेल, या विचारानं सरांना जेवण जाईना.

गोरक्षनाथ मुकादमानं वर मीठ चोळलं. "सर, येवढं शिकलेलं तुमी. कोयता म्हंजी जोडा न्हवं. कोयता म्हंजी काम. ज्यो निभंल त्याला जोडायचा."

"कळलं मला."

"आता कळलं," मुकादम म्हणाला, आणि चहा मागवला.

गुरुवारी संध्याकाळच्या आत सरांनी नऊच्या नऊ ठिकाणी कपल खोडून पेअर केलं आणि माफीचं पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, मग मराठीत लिहिलं, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते समजावं. आता ते पुरते शहाणे झाले होते. आठ ठिकाणच्या सह्या, अंगठे झाले. शेवटचं घर सविताचं.

राजी शाळेतून आलेली नव्हती. भीमाबाई भिंतीला टेकून वाती वळत होती. अजिनाथ अंगणात बसून कोयत्याला मूठ बसवत होता. चाळिशीचा, कमी बोलणारा, उन्हानं रापलेला माणूस. सरांना बघून त्यानं हात पुसले आणि घोंगडी झटकून टाकली.

सरांनी पत्र वाचून दाखवलं. भाषांतरात माझ्याकडून गंभीर चूक झाली. सदर दोन व्यक्ती केवळ कामापुरत्या जोडीदार आहेत. त्यांच्यात पती-पत्नीचं नातं नाही, ते एकत्र संसार करत नाहीत, आणि तसा त्यांचा विचारही नाही. शेवटचं वाक्य सरांनी आपल्या मनानं घातलं होतं, पक्कं व्हावं म्हणून.

सवितानं पेन घेतलं आणि सही केली. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची सावकाश, सुटी सुटी सही. तिनं पेन अजिनाथकडं दिलं.

अजिनाथनं पेन धरलं, पण कागदाला लावलं नाही.

"सर," तो म्हणाला, "ह्याच्या आगुदर तुमी काय लिवलं हुतं?"

"कपल."

"त्याचा अर्थ?"

"नवरा-बायको. म्हणजे, संसारातली दोघं." सर घाईनं म्हणाले, "चूक झाली माझी, अजिनाथ. मी मान्य केलंय ना, लेखी."

अजिनाथनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "चूक न्हवती."

सरांना प्रथम वाटलं, हा समजूत काढतोय. मग त्यांनी सविताकडं बघितलं. ती खाली बघत होती. भीमाबाईचा वाती वळणारा हात थांबला होता.

"औंदा हंगाम सरला की पाट लावायचा ठरलं हुतं," अजिनाथ म्हणाला. "मोहट्याच्या देवीला जाऊन, चार मानसांत दुसरं लगीन. हिनं व्हय म्हटलं हुतं. म्हातारीनं बी म्हटलं. तुमच्या हातनं बरूबर लिवलं गेलं, सर. फकस्त आमी सांगायच्या आदी."

भीमाबाई म्हणाली, "माझा लेक तर गेला, सर. ही तरी का एकटी ऱ्हावी? मीच म्हणलं तिला."

सरांनी कागद आपल्याकडं ओढला. मग ते म्हणाले, "मग सही करू नका. मी नगरला जातो. मॅडमना सांगतो, विचार करा म्हणतो."

"नियम हाय त्यांचा," सविता म्हणाली. "फकस्त आई असल त्या पोरींसाठी. तुमच्या म्होरंच सांगितलं त्यांनी."

"नियम माणसांनीच केलेला असतो."

"व्हय. आन शुक्रवार उद्या हाय." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "सर, पाट लावला तर राजी फडावर येती. फडावर आली तर ती बी दोन सालात अर्धा कोयता हुती, मग तिला कुनाला तरी जोडत्यात. मी तेरा वर्साची असताना जोडलं हुतं मला. कुनाला जोडलं ते मला कुनी इचारलं न्हवतं."

अजिनाथनं पायाजवळचा कोयता उचलून बाजूला ठेवला.

"दहावी हुईस्तवर," सविता त्याला म्हणाली. सरांना नव्हे, त्याला. "तीन साल."

"मोजलं मी," अजिनाथ म्हणाला.

त्यानं कागद मांडीवर घेतला. मग सरांना विचारलं, "ह्ये शेवटचं काय हाय, तसा इचार बी न्हाई म्हणून? ह्ये लागतंच का?"

"नाही," सर म्हणाले. "ते मी उगाच घातलं. थांब, खोडतो."

त्यांनी ती ओळ खोडली, मराठीतून आणि इंग्रजीतून, आणि दोन्ही ठिकाणी आपली आद्याक्षरं घातली. उरलेल्यावर अजिनाथनं सही केली. तेवढी ओळ खोडून आपण काय मोठं केलं, असं सरांना त्याच क्षणी वाटलं, आणि डोळे भरून आले म्हणून ते चष्मा पुसत बसले. उमेदीतली एकतीस वर्षं त्यांनी चुकीचे शब्द खोडून बरोबर शब्द लिहायला शिकवलं. आज त्यांनी बरोबर शब्द खोडून दुसरा लिहिला होता, माफी मागून, सहीनिशी, आणि हे कोणापुढं बोलायचीही सोय नव्हती. गोजरबाईंनासुद्धा ते बोलले नाहीत.

शुक्रवारी कागद पोचला. सोमवारी दिपाली मॅडमचा फोन आला की राजनंदिनीचा प्रवेश झाला. बुधवारी सविता तिला वसतिगृहात सोडून आली. पोरगी रडली नाही, उलट आईलाच म्हणाली की तू नीट राहा. हे सवितानं गोजरबाईंना सांगितलं, पाणी भरता भरता.

गुरुवारी सकाळी मारुतीच्या पारापाशी ट्रक भरले. सर तिकडं कशाला गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भांडी, गोधड्या, बाजरीची पोती, कोंबड्या, चिल्लीपिल्ली, सगळं वर चढत होतं. गोरक्षनाथ यादी घेऊन कोयते मोजत होता. फडावर एका कोयत्याला एक कोपी मिळते. बांबू आणि पाचटाची, दोन माणसं वाकून शिरतील एवढी झोपडी. कोपीचं सामान मुकादम इथूनच कोयत्यागणिक वाटतो.

सविताचा नंबर आला. मुकादमानं बांबूची एक मोळी आणि एक ताडपत्री पुढं केली.

"दोन लागतील, गोरखभाऊ," सविता म्हणाली.

"दोन कशाला? कोयता एक, कोपी एक. गेल्या साली तुमची एकच हुती की."

"राजी हुती तवा मधी. औंदा दोन द्या."

"जादाचं बांबू कुठून आनू मी?"

अजिनाथ दुसऱ्या ट्रकमध्ये, फाळक्यापाशी उभा होता. त्यानं खाली उतरून आपल्या सामानातून एक जुनी ताडपत्री काढली, झटकली, बांधावरचे चार वेडेवाकडे बांबू आणून तिच्यात गुंडाळले, आणि ते गाठोडं आपल्या ट्रकमध्ये टाकलं. मुकादमाची नवी ताडपत्री आणि सरळ बांबूंची मोळी त्यानं उचलून सविताच्या ट्रकमध्ये चढवली. मुकादमानं यादीवर खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

सर पारावरून हे बघत होते. बन्सी भाऊ शेजारी येऊन बसले. त्यांच्या कानावर काहीबाही आलेलं असावं, कारण ते म्हणाले, "सर, त्या दोघांचं नक्की काय हाय हो? तुमी तर लेखी दिलंय म्हणत्यात."

"कामापुरते जोडीदार आहेत," सर म्हणाले. "दुसरं काही नाही."

पुढचा ट्रक हलला. सविता बायकांच्या घोळक्यात, पाठ करून बसली होती. मागचा ट्रक थोडा वेळ थांबला, धूळ खाली बसू दिली, आणि मग निघाला.